विरजण न लागणारे दूध आणि गोठ्यातील औषध

एकत्र कुटुंबात दही लागले नाही, म्हणजे पहिला बोल सुनेला लागतो. दूध फार तापले असेल, विरजण शिळे असेल, भांडे नीट घासले नसेल, अशी कारणे क्रमाने निघतात. आणि बहुतेक वेळा त्यांतील एखादे खरेही असते. परंतु एक कारण असे आहे की, जे स्वयंपाकघरात घडतच नाही. गाईला वा म्हशीला प्रतिजैविक औषध टोचले, किंवा सडातून कासेत सोडले, म्हणजे त्याचा अंश पुढे काही दिवस दुधात उतरतो. दही लावणारे जंतू हेही शेवटी जंतूच. ते त्या औषधाने मरतात किंवा खुंटतात, आणि दूध सकाळी होते तसेच राहते. दूध उकळले म्हणजे हा अंश नाहीसा होतो, असा पुष्कळांचा समज आहे. तो बरोबर नाही.

कासेत औषध सोडण्याची पाळी मुख्यत्वे एका रोगामुळे येते. आपल्याकडील गोठ्यांत त्यास ‘दगडी’ म्हणतात. कास सुजते, तापते, हातास दगडासारखी लागते. दुधात गाठी येतात, कधी रक्त येते, आणि उपाय लवकर न झाल्यास तो सड कायमचा निकामी होतो. पेनिसिलीन आल्यापासून या रोगावर प्रतिजैविके सर्रास वापरण्यात येऊ लागली व असंख्य जनावरे त्यांनी वाचविली, हे प्रथम मान्य केले पाहिजे. औषध दिल्यावर किती दिवस दूध विकू नये, ते वेष्टनावर छापलेले असते. पण ज्याच्या दावणीस दोनच म्हशी आहेत, त्याने ते दूध रोज ओतून द्यावे आणि पेंडीचे पैसे मात्र रोख मोजावे, ही अपेक्षा सोपी नाही. गवळ्यास केवळ लबाड म्हणून मोकळे होण्यात आम्हांस शहाणपण दिसत नाही.

दुसरी हानी याहून खोल आहे. औषध अपुरे वा वारंवार पोटात गेले, म्हणजे त्यास न जुमानणारे जंतूच मागे उरतात. अलेक्झांडर फ्लेमिंगने १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या व्याख्यानातच हा इशारा देऊन ठेविला होता. कोलिस्टीन हे माणसाच्या अत्यवस्थ दुखण्यात अखेरीस हाती धरावयाचे औषध. ते कोंबड्यांच्या खाद्यात मिसळले जात होते. आपल्या सरकारने २०१९ साली खाद्योपयोगी जनावरांसाठी त्यावर बंदी घातली.

गिरगाव-दादरच्या वाचकांस गोठा ही दूरची गोष्ट वाटेल. पण ती तशी नाही. १९४९ साली आरे येथे दुग्धवसाहत उभी राहीपर्यंत म्हशींचे तबेले या शहराच्या भर वस्तीतच होते. भुलेश्वरचा पांजरपोळ १८३४ सालचा. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ सालचे. लालबागहून पायी जाता येईल इतके जवळ, आणि तरी आपल्यापैकी किती जणांनी आत पाऊल टाकले असेल? शिवाय मुंबईच्या कित्येक घरांचे एक टोक अद्याप कोकणात वा देशावर आहे, व तेथे एखादी गाय आहेच.

त्यांच्यासाठी हा उपाय सविस्तर लिहितो. तमिळनाडू पशुवैद्यकीय विद्यापीठातील डॉ. पुन्नियमूर्ती यांनी तो बसविला आणि आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने त्याचा देशभर प्रसार केला. कोरफडीचा गर सालीसकट २५० ग्रॅम, हळदीची पूड ५० ग्रॅम आणि खावयाचा चुना १५ ग्रॅम, एकत्र वाटावे. लालसर लगदा होतो. कास धुऊन सर्व दूध पिळून काढावे. मग मूठभर लगदा पाण्यात पातळ करून साऱ्या कासेस लावावा. दिवसातून आठ-दहा वेळा, असे पाच दिवस. पुन्हा लावताना आधीचा लेप धुऊन टाकावा. जोडीला लिंबे चिरून खावयास देतात. एक-दोनदा लावून ‘गुण नाही’ म्हणणाऱ्यांचा येथे उपयोग नाही. सारे मर्म त्या आठ-दहा वेळांत आहे. पिळलेले गाठाळ दूध मात्र औषध दिलेले नसले, तरी घरात घेऊ नये.

या उपायाचा मोठा लाभ आमच्या मते असा की, गाय बरी झाली म्हणजे दूध लगेच कामास येते; प्रतिजैविकाचा अंश उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. गरीब गवळ्यास नीती शिकविण्यापेक्षा हे अधिक उपयोगी आहे.

आता काही मंडळी म्हणतील की, हे सर्व आमच्या ग्रंथांत होतेच. पालकाप्याचा ‘हस्त्यायुर्वेद’ पुण्याच्या आनंदाश्रमाने १८९४ साली छापला. तो चाळला तर केवळ हत्तीच्या दुखण्यांवर केवढा विचार झाला होता, हे पाहून मन थक्क होते. आम्हांस त्याचा अभिमान आहे. तथापि ग्रंथ जुना असणे हा औषधाच्या गुणाचा पुरावा नव्हे. हळदीतील पीतद्रव्य काचेच्या नळीत जंतूंना रोखते, पण पोटातून दिले असता रक्तात फार थोडे पोहोचते. वरून लावलेला लेप आणि पाजलेला काढा यांस एकाच मापाने मोजता येत नाही, ते याचमुळे.

म्हणून घटसर्पाच्या वेळी कोरफड वाटीत बसू नये. पावसाच्या तोंडी म्हशीस एकाएकी भरताप येतो, गळा सुजतो, श्वास घरघरतो, आणि कधी दिवसभरातच जनावर जाते. तेथे डॉक्टर आणि प्रतिजैविक, तेही तासाभराचा विलंब न करता. कासेच्या दुखण्यातही ताप चढला, जनावराने चारा सोडला किंवा कास थंड व काळीनिळी पडली, तर लेप बाजूला ठेवावा.

घटसर्पाचा खरा पर्याय निराळाच आहे: पावसाळ्यापूर्वी टोचलेली लस. नॉर्वेतील सामन माशांची गोष्ट येथे सांगण्यासारखी आहे. मत्स्याहारी वाचकांस ती विशेष रुचेल. तेथील मत्स्यपालनात १९८७ च्या सुमारास वर्षास सुमारे ५० टन प्रतिजैविके लागत. माशांना लस टोचण्याचा प्रघात पडल्यावर तो आकडा एका टनाच्याही खाली आला, आणि माशांचे उत्पन्न मात्र कितीतरी पटींनी वाढले. जंतूंनाच खाणारे अतिसूक्ष्म विषाणू हा आणखी एक मार्ग. द’एरेल या संशोधकाने १९२० च्या सुमारास हिंदी-चीनमध्ये म्हशींच्या घटसर्पावरच त्यांचा प्रयोग केला होता; प्रतिजैविकांच्या वैभवात तो मागे पडला, आणि आता पुन्हा प्रयोगशाळांतून डोके वर काढीत आहे.

याहून स्वस्त उपाय हवा असेल, तर धार काढल्यावर जनावरास लगेच बसू देऊ नये. सडाचे तोंड त्यानंतर सुमारे अर्धा तास उघडे राहते, आणि शेणात बसलेल्या गाईच्या कासेत रोग त्याच वाटेने शिरतो. पुढ्यात चारा टाकला की ती आपोआप उभी राहते. धारेपूर्वी हात व कास धुणे, आणि दुखऱ्या जनावराची धार शेवटी काढणे, यांस तर काहीच खर्च नाही.

शहरातील गृहिणीने एवढे करावे. दही लागले नाही, तर दुसऱ्या दिवशी तेच विरजण दोन ठिकाणच्या दुधांस लावून पाहावे. एक लागले आणि एक लागले नाही, तर सुनेस न विचारता दूधवाल्यास विचारावे की, गोठ्यात कोणते जनावर आजारी आहे, त्यास काय टोचले, आणि त्या दिवसांचे दूध कोठे जाते.