हार्ड डिस्क डब्यातून काढली आणि उघडेना? ‘फॉरमॅट’ दाबू नका

निकाहचे व्हिडिओ, मरहूम आजी-आजोबांचे फोटो, मुलांचे दाखले हे सगळं आता बऱ्याच घरांत यूएसबीच्या हार्ड डिस्कमध्ये असतं. काही वर्षं ती नीट चालते. मग डब्याची पिन सैल होते, किंवा कुणीतरी सुचवतं, ‘आतली डिस्क काढून थेट कॉम्प्युटरला जोडा.’ जोडली की स्क्रीनवर सूचना येते : वापरण्याआधी डिस्क फॉरमॅट करा. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं.

अशा वेळी बहुतेकदा डेटा जागेवरच असतो. बदललेला असतो तो फक्त त्याला वाचणारा.

असं का होतं?

यूएसबीच्या डब्यात एक छोटं सर्किट असतं. डिस्क आणि कॉम्प्युटर यांच्यातला हा दुभाषा. डिस्कवरचा डेटा सेक्टर नावाच्या छोट्या तुकड्यांत मोजला जातो. थेट जोडलेली डिस्क साधारणपणे ५१२ बाइटचा एक सेक्टर सांगते. पण काही डबे तेच ८ तुकडे एकत्र करून ४०९६ बाइटचा एक सेक्टर सांगतात.

यामागे कारण होतं. पार्टिशनची जुनी पद्धत (एमबीआर) सुमारे ४२९ कोटी सेक्टरपर्यंतच मोजू शकते. ५१२ च्या हिशोबाने ही मर्यादा जवळपास २.२ टीबी होते. त्याहून मोठी डिस्क विंडोज एक्सपीवरही चालावी, म्हणून डबे बनवणाऱ्यांनी सेक्टरच मोठा केला.

आता समजा, घराचा पत्ता ‘फाटकापासून २५६ पावलं’ असा आहे. मोजणारा उंच माणूस होता. आज शोधायला लहान पोर निघालंय. पोर २५६ पावलांवर थांबेल, पण तिथे दार नसेल. घर मात्र जागेवरच आहे. डिस्कचंही तसंच : ४०९६ च्या हिशोबात २५६वा सेक्टर १० लाख ४८ हजार ५७६ बाइटवर येतो, ५१२ च्या हिशोबात फक्त १ लाख ३१ हजार ७२ वर. उलटंही घडतं : कॉम्प्युटरमध्ये फॉरमॅट केलेली डिस्क अशा डब्यात घातली तर उघडत नाही.

काय करावं?

१. फॉरमॅट, इनिशिअलाइझ, चेकडिस्क यांतलं काहीही करू नका. चुकीच्या हिशोबाने डिस्कवर काही लिहिलं गेलं, तर खरं नुकसान तेव्हा होतं.

२. केबल आणि पॉवर तपासा. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अॅडॉप्टर लागतो. कट-कट आवाज येत असेल तर लगेच बंद करून जाणकाराकडे न्या.

३. डिस्क तिच्या मूळ डब्यात, मूळ केबलने परत जोडा. उघडली, तर आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी करा आणि दोन-चार फाइल्स उघडून पाहा. त्यानंतरच नव्या जोडणीवर फॉरमॅट करून डेटा परत भरा.

४. खात्री करायची असेल तर विंडोजच्या ‘सिस्टम इन्फर्मेशन’मध्ये स्टोरेज, मग डिस्क्स उघडा. ‘बाइट्स/सेक्टर’समोर ५१२ की ४०९६ ते दिसेल. दोन्ही जोडण्यांचे आकडे वेगळे निघाले, तर दुखणं सापडलं.

डबाच बिघडला असेल तर?

त्याच मॉडेलचा दुसरा डबा शोधा. तो मिळाला नाही, तर रिकव्हरीवाल्याला ‘डिस्क आधी डब्यात होती’ हे आवर्जून सांगा आणि मूळ सर्किटही सोबत द्या. कारण वेस्टर्न डिजिटलच्या माय बुक, माय पासपोर्टसारख्या डिस्कच्या काही मॉडेल्समध्ये आपण पासवर्ड ठेवला नसला तरी ते सर्किट डेटा कुलूपबंद करूनच लिहितं. तिथे डबा फेकणं म्हणजे किल्लीच फेकणं.

म्हणून डबा उघडण्याआधी आतल्या डेटाची दुसरी प्रत घ्या. अनमोल आठवणी एकाच डिस्कच्या भरवशावर ठेवू नयेत.