हातमोज्यांनी हात खाजतात?

नर्सिंगला किंवा डेंटलला गेलेली मुलगी असं म्हणाली, तर मलम चोळून विषय संपवू नका. दिवस-दोन दिवसांनी उठणारं पुरळ बहुधा रबरात मिसळलेल्या रसायनांचं असतं. पण काही मिनिटांतच अंगावर गांधी आल्या, शिंका सुरू झाल्या, दम लागला, तर रबराच्या चिकातल्या (लॅटेक्समधल्या) प्रथिनांची अ‍ॅलर्जी असू शकते. ती जिवावरही बेतते. अ‍ॅलर्जीतज्ज्ञ त्वचेची किंवा रक्तातल्या आयजीई प्रतिपिंडांची चाचणी करतात. केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो खाल्ल्यावर तोंड खाजतं का, हेही विचारा; लॅटेक्सच्या अ‍ॅलर्जीत ही फळंही बाधू शकतात. फुगे आणि कंडोमही बरेचदा लॅटेक्सचे असतात. हे सांगताना आईबापांनी लाजू नये. कॉलेजात नायट्राइलचे हातमोजे मागता येतात. दाताच्या डॉक्टरांना या अ‍ॅलर्जीबद्दल मात्र तिनं स्वतःच सांगावं, अपॉइंटमेंट घेतानाच.