लाल गोठा

गोठा गुरांसाठी असतो, हे लहान पोरही सांगेल. पण अमेरिकेत एका गोठ्यात माणसे राहायला आली. त्याची हकिगत आम्ही सांगतो.

टेनेसी राज्यात डोंगराच्या कुशीत गॅटलिनबर्ग नावाचे गाव आहे. पूर्वी तिथे शिक्षणाची आबाळ होती. कॉलेजात शिकलेल्या बायकांची पाय बीटा फाय नावाची एक संस्था आहे. तिने १९१२ साली तिथे शाळा काढली. लिहिणे-वाचणे शिकवता शिकवता शाळा शेतीही शिकवू लागली. मग १९२३ साली शाळेने गुरांसाठी मोठा गोठा बांधला. तोच हा लाल गोठा.

त्या डोंगरातल्या आज्यांना हातमाग येत असे, पण ती विद्या मागे पडली होती. १९२५ साली विनोजीन रेडिंग नावाच्या बाई विणकाम शिकवायला आल्या. बायका घरी बसून विणू लागल्या. त्यांचा माल शाळाच विकायची. बाईच्या हाती रोख पैसा आला. वाचायला शिकण्याइतकेच हेही मोठे काम, असे आम्हांला वाटते.

१९३४ साली तिथले डोंगर राष्ट्रीय उद्यान झाले. कित्येकांच्या जमिनी त्यात गेल्या. शेती आटली, प्रवासी वाढले. १९४५ सालापासून शाळेत उन्हाळ्यात हस्तकलेचे वर्ग भरू लागले. लांबलांबचे लोक येत. त्यांनी निजायचं कुठं? गोठा होताच! त्याचे वसतिगृह केले. गुरांच्या जागी विद्यार्थी आले. आपल्याकडे असा गोठा पडून राहिला, तर वासे कधीच चुलीत गेले असते.

ही शाळा पुढे ॲरोमाँट या नावाने ओळखली जाऊ लागली. पण जमीन जुन्या संस्थेच्याच नावावर होती. २००७ साली गोठ्याचे नाव देशाच्या ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत लागले. तेवढ्याने मात्र अभय मिळत नाही. त्या देशात खाजगी मालक अशी वास्तू पाडूही शकतो. पुढच्याच वर्षी जमीन विकायची बोलणी निघाली! नवा धनी गोठा ठेवील, याचा भरवसा काय? सुदैवाने तो सौदा मोडला. शाळेने पैसा उभा केला आणि २०१४ साली ८० लाख डॉलरांना जमीन आपल्या नावावर करून घेतली.

दोनच वर्षांनी, नोव्हेंबर २०१६ मध्ये, डोंगरातला वणवा वाऱ्याने गावात शिरला. चौदा माणसे दगावली. शाळेची दोन वसतिगृहे जळून खाक झाली. लाल गोठा मात्र वाचला.