केसांची गोळी, संप्रेरकं आणि ‘पूर्ववत’ या शब्दाचा अर्थ



कारण आणि परिणाम यांचा संबंध कसा ठरवायचा, हा तत्त्वज्ञानाचा फार जुना प्रश्न. आज तो एका छोट्याशा गोळीला लावून पाहू. टक्कल थांबवण्यासाठी पुरुष फिनास्टेराइड नावाचं औषध घेतात. त्याबद्दल तरुण मुलं दोन गोष्टी विचारतात. ही गोळी संप्रेरकं बिघडवते का? आणि बिघडवत असेल, तर ती बंद केल्यावर सगळं पूर्ववत होतं का? आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण या ‘पूर्ववत’ शब्दात एक गुंता आहे, आणि शब्दांतले गुंते सोडवणं हे आमच्या विषयाचंच काम आहे.

आधी यंत्रणा पाहू. पुरुषाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतं, हे आपल्याला माहीत आहे. त्याचा थोडा भाग एका विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे, डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये बदलतो. आपण त्याला थोडक्यात डीएचटी म्हणू. हे जास्त प्रभावी रूप. आनुवंशिक कल असलेल्या माणसाच्या डोक्यावरची केसांची मुळं या डीएचटीमुळे हळूहळू आक्रसतात, केस बारीक होत जातात आणि शेवटी दिसेनासे होतात. वयात येण्याआधी खच्ची केलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे निरीक्षण तर प्राचीन ग्रीकांच्या काळापासूनचं आहे. १९४२ साली जेम्स हॅमिल्टन या अमेरिकी संशोधकाने त्याला शास्त्रीय आधार दिला.

मग हे विकरच अडवावं, ही कल्पना कुठून आली? तिचा एक धागा कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिक देशातल्या एका खेड्यात सापडतो. तिथली काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसत, मुली म्हणूनच वाढत. पण वयात येताना त्यांचा आवाज फुटे आणि शरीर पुरुषी होई. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली याचं कारण मांडलं: या मुलांत जन्मतःच ते विकर कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहान राही, दाढी विरळ असे, आणि कपाळावरचे केस मागे हटत नसत. निसर्गाने जे केलं ते गोळीने करता येईल का, या विचारातून फिनास्टेराइड पुढे आलं. अमेरिकेत १९९२ मध्ये ५ मिलिग्रॅमची गोळी वाढलेल्या प्रोस्टेटसाठी, आणि १९९७ मध्ये १ मिलिग्रॅमची गोळी केसांसाठी मंजूर झाली.

या गोष्टीतून एक बोध आत्ताच घेऊ. डीएचटी हा काही शरीरातला कचरा नव्हे. गर्भातल्या मुलाची बाह्य जननेंद्रियं घडायला ते लागतं. म्हणूनच गरोदर स्त्रीने ही गोळी घेऊ नयेच, पण फुटलेल्या किंवा चुरलेल्या गोळीला हातही लावू नये.

आता पहिला प्रश्न. संप्रेरकं बदलतात का? बदलतात, आणि बदलावीत म्हणूनच तर गोळी घ्यायची. रक्तातलं डीएचटी सुमारे दोन-तृतीयांशाने खाली येतं. टेस्टोस्टेरॉन कमी होत नाही. उलट थोडं वाढतं, पण सहसा सामान्य मर्यादेतच राहतं. शिवाय प्रोस्टेटच्या तपासणीत मोजतात तो पीएसए हा आकडा जवळपास निम्मा होतो. तेव्हा पन्नाशीच्या गृहस्थांनी ही तपासणी करताना आपण गोळी घेतो हे डॉक्टरांना सांगायलाच हवं, नाहीतर तो कमी आकडा खोटा दिलासा देईल.

दुसरा प्रश्न: गोळी थांबवली की काय होतं? इथे एक नव्हे, तीन घड्याळं आहेत. पहिलं रक्ताचं. औषध शरीरातून लवकर जातं आणि सुमारे दोन आठवड्यांत डीएचटी मूळ पातळीवर येतं. दुसरं केसांचं. मिळवलेले केस साधारण वर्षभरात पुन्हा जातात. गंमत बघा, इथे सगळं पूर्ववत होतं, आणि नेमकं तेच कोणाला नको असतं! ड्युटास्टेराइड नावाच्या भावंडाची गोष्ट वेगळी. ते डीएचटी ९० टक्क्यांहून अधिक उतरवतं आणि शरीरात महिनोन् महिने रेंगाळतं. डोक्याला लावायचं मिनॉक्सिडिल मात्र या संप्रेरकांच्या वाटेला जात नाही.

तिसरं घड्याळ माणसाचं: त्याची इच्छा, त्याचं मन, त्याचा संसार. खरा वाद इथे आहे. मूळ चाचण्यांत १ मिलिग्रॅम घेणाऱ्यांपैकी ३.८ टक्के पुरुषांनी लैंगिक तक्रार सांगितली. नुसती औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण २.१ टक्के होतं. म्हणजे फरक शंभरात दोनाहूनही कमी. गोळी थांबवल्यावर या तक्रारी मिटल्या, असं तेव्हा नोंदवलं गेलं. पण औषध बाजारात आल्यावर, गोळी सोडूनही त्रास चालूच आहे, असं सांगणारे पुरुष पुढे आले. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २०११ आणि २०१२ मध्ये अशा टिकून राहणाऱ्या तक्रारींची नोंद माहितीपत्रकात घ्यायला लावली. २०२५ मध्ये युरोपीय नियंत्रकांनी आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. मात्र औषध मागे घेतलं नाही, कारण एकूण फायदा जोखमीपेक्षा जास्त आहे असं त्यांचं मत पडलं.

आता आपल्या न्यायशास्त्राकडे येऊ. अन्वय म्हणजे गोळी असता त्रास असणं. व्यतिरेक म्हणजे गोळी नसता त्रास नसणं. टिकून राहणाऱ्या तक्रारीत व्यतिरेक जुळत नाही: गोळी गेली, त्रास राहिला. म्हणून काही जण म्हणतात, गोळी हे कारणच नव्हे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली. असं होऊ शकतं. नैराश्याने इच्छा मंदावते, आणि केस गळण्याचं दुःखही काही थोडं नसतं. पण कुंभार गेला तरी मडकं राहतंच की! निमित्तकारण निघून गेल्यावरही कार्य टिकू शकतं. शिवाय हेच विकर मेंदूवर परिणाम करणाऱ्या काही स्टेरॉइडांच्या घडणीतही भाग घेतं. त्यामुळे रक्ताचा अहवाल नॉर्मल आला, एवढ्यावरून ‘तुला काही झालेलं नाही’ असं म्हणणं हे तर्काला धरून नाही. एक घड्याळ बरोबर लागलं म्हणून तिन्ही बरोबर लागली, असं होत नाही.

आणि याच्या उलट टोकाचीही काळजी घेऊ. इटलीतल्या संशोधकांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. प्रोस्टेटच्या रुग्णांना फिनास्टेराइड दिलं. निम्म्यांना लैंगिक दुष्परिणामांची कल्पना दिली, निम्म्यांना दिली नाही. सांगितलेल्यांत ४३.६ टक्क्यांनी त्रास नोंदवला, न सांगितलेल्यांत १५.३ टक्क्यांनी. औषध एकच, मात्रा एकच! भीतीसुद्धा शरीरात काम करते.

मग डॉक्टरांनी सांगूच नये का? आमचं उत्तर स्पष्ट आहे: सांगावं. ज्याच्या शरीरावर परिणाम होणार, निवड त्याची. आणि माहिती लपवून मिळवलेला होकार हा होकारच नव्हे. पण सांगताना प्रमाणही सांगावं. ‘बहुतेकांना काही होत नाही, थोड्यांना होतं, त्यांतल्या बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर मिटतं, आणि काहींचं मिटत नाही अशा नोंदी आहेत’ हे पूर्ण वाक्य आहे. त्याचा पहिला अर्धा भाग विक्रेता सांगतो, शेवटचा तुकडा घाबरवणारा सांगतो. आपल्याला अख्खं वाक्य हवं.

व्यवहारात याचा अर्थ एवढाच. मित्राने सांगितलं म्हणून ही गोळी दुकानातून परस्पर आणू नये. आधी कधी नैराश्य आलं असेल, तर डॉक्टरांना सांगावं. गोळी घेताना मन उदास वाटू लागलं, इच्छा मंदावली, तर लाजू नये, थांबावं आणि डॉक्टरांना गाठावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार आले, तर त्याच दिवशी गाठावं. आणि घरातल्यांनीही, मुलगा असं काही सांगू लागला, तर ‘केसांसाठी कसली एवढी नाटकं’ असं म्हणून त्याला गप्प करू नये. त्याचं कारण गोळीत असो वा मनात, दुःख खरंच आहे. आणि कारणाचा निकाल लागेपर्यंत उपचारानं थांबायचं नसतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ.