पावसाळी मुलखातील ठशांचे अंगण

कोकणासारख्या, वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांच्या आसपास पर्जन्य झेलणाऱ्या मुलखात ओल्या काँक्रीटवर रबरी साचे दाबून त्यास दगडी फरसबंदीचे रूप देण्याची हौस ज्यास असेल, त्याने नक्षीच्या आधी निचऱ्याचा बंदोबस्त करावा. सुमारे 100 मिलिमीटर जाडीच्या थरास घरापासून बाहेरच्या दिशेने दर मीटरास 2 सेंटिमीटर उतार असावा. काम दिवाळीनंतरच्या कोरड्या दिवसांतच काढावे, कारण काँक्रीट घट्ट होण्यापूर्वी आलेली एकच सर रंग आणि ठसा दोन्ही जप्त करते. सीलरचा, म्हणजे संरक्षक द्रव्याचा, लेप महिन्याभराने, पृष्ठभाग पूर्ण सुकल्यावर द्यावा. कारण आत कोंडलेली ओल लेपास दुधी करते. लेपात खरखरीत भुकटी मिसळावी, अन्यथा शेवाळल्या अंगणात पाय घसरण्याची हमीच, जी ठेकेदार सहसा लेखी देत नाहीत. लेपाचा नवा हात दर 2-3 वर्षांनी, शेवाळ घासून, उन्हाळ्यात द्यावा.