अडीच टनाची कोंबडी

या ट्रकला किल्ली नाही. डॅशबोर्डवरचा एक खटका फिरवायचा, बटण दाबायचं, की इंजिन सुरू. बंद करायला एक दांडी ओढायची. लढाईच्या धांदलीत किल्ली कोणाच्या खिशात राहिली हे शोधत बसायची वेळ येऊ नये, म्हणून किल्लीच ठेवलेली नाही. भोसरीच्या एमआयडीसीत तीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला अशी गाडी जवळून बघायला मिळाली ती निवृत्तीनंतर, अमेरिकेत लेकीकडे गेलो असताना. तिच्या शेजाऱ्याने लिलावात लष्कराचा जुना ट्रक घेतला होता आणि तो आणायला त्याला सोबत हवी होती. "बाबा, सुट्टीच्या दिवशी तुम्ही भंगार बघायला चाललात?" लेक म्हणाली. मी तोवर बूट घातले होते.

ट्रक होता एम-३५ए२. अमेरिकन फौजेत त्याला 'ड्यूस अँड अ हाफ' म्हणतात. ड्यूस म्हणजे पत्त्यांतली दुर्री, म्हणून दोन आणि अर्धा असे अडीच टन. रस्ता नसलेल्या जागी त्याने एवढं ओझं न्यावं असा हिशेब. पक्क्या रस्त्यावर तो दुप्पट नेतो. या घराण्याची सुरुवात १९५०च्या सुमारास मिशिगनमधल्या लान्सिंगच्या रिओ कंपनीत झाली. रिओ ही रॅन्सम ई. ओल्ड्स यांच्या नावाची आद्याक्षरं. ओल्ड्समोबिल काढणारे तेच. पुढे कैसर जीप आणि एएम जनरल या कंपन्यांनीही हेच ट्रक बांधले. कोरिया, व्हिएतनाम आणि मधल्या सगळ्या शांततेच्या वर्षांत दाणागोटा, दारूगोळा आणि माणसं या ट्रकांनी वाहिली. १९९०च्या दशकात ऑस्ट्रियाच्या श्टायर ट्रकवर बेतलेली नवी पिढी येऊ लागली आणि हे म्हातारे हजारोंनी डिस्पोजलला निघाले.

विकण्याचं काम ज्या खात्याकडे आहे त्याचं मुख्यालय मिशिगनच्याच बॅटल क्रीक गावात. लष्कराला नको झालेली वस्तू आधी दुसऱ्या सरकारी खात्यांना, अग्निशमन दलांना, गावांना दाखवतात. कोणीच हात लावला नाही तर लिलाव. लिलावाची मुख्य अट आपल्याकडच्या निविदांमध्ये असते तीच : जसे आहे, जेथे आहे. फोटोत ट्रक उभा दिसतो. तो सुरू होतो का, हे फोटो सांगत नाही. बोली जिंकणाऱ्याला आणखी एक प्रतिज्ञापत्र भरावं लागतं. गाडी कशाला हवी, कोण वापरणार, देशाबाहेर तर नेणार नाही ना, याची लेखी हमी द्यायची. ती तपासून झाल्यावरच गाडी उचलायची परवानगी मिळते. मग ठरलेल्या मुदतीत ती तळावरून हलवायची, नाहीतर जागेचं भाडं सुरू.

खरी गोम इथेच आहे. ट्रक काही हजार डॉलरला मिळतो, नव्या मोटारीच्या किमतीत तीन-चार येतील. पण तो रिकामाच जवळजवळ सहा टन भरतो आणि लांबी साधारण बावीस फूट. घरच्या पिकअपमागे ट्रेलर लावून तो आणता येत नाही. लो-बेड ट्रेलर भाड्याने घ्यावा तर अंतर जरा लांबचं असलं की भाडं ट्रकच्या किमतीला जाऊन भिडतं. दुसऱ्या तसल्याच ट्रकमागे लोखंडी त्रिकोणी दांडा लावून ओढत आणता येतं, पण त्यासाठी आधी एक ट्रक घरी असावा लागतो. म्हणून बरेच हौशी लोक तिसरा मार्ग धरतात : तिथे जायचं, जागेवर दुरुस्त करायचा आणि चालवत घरी यायचं. चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला ही म्हण शेजाऱ्याला समजावून सांगायचा मी प्रयत्न केला. तो हसला आणि गाडीत सामान भरत राहिला.

सामान बघण्यासारखं होतं. दोन मोठ्या बॅटऱ्या, कारण ही यंत्रणा चोवीस व्होल्टची. डिझेलचे चार कॅन. इंधनाचे आणि ऑइलचे फिल्टर. ग्रीसगन, साखळ्या, अग्निशामक, आणि लष्कराच्या पुस्तिकेच्या छापून घेतलेल्या प्रती. या पुस्तिकांबद्दल थोडं थांबून बोललं पाहिजे. त्यांच्या क्रमांकाच्या शेवटी दहा असेल तर ती चालकासाठी, वीस असेल तर तुकडीच्या मिस्त्रीसाठी. त्यापुढच्या मोठ्या वर्कशॉपसाठी. अमेरिकन सरकारचं लेखन असल्याने त्यांवर कोणाचा हक्क नाही, कोणीही फुकट घ्याव्यात. पान उलटत गेलं की लक्षात येतं की लिहिणाऱ्याने वाचक कोण आहे ते धरून ठेवलंय : एकोणीस वर्षांचा पोरगा, ज्याने कालपर्यंत ट्रॅक्टरसुद्धा चालवला नव्हता. कुठला बोल्ट, कुठला पाना, आधी काय, मग काय, सगळं चित्रासकट. सामान्य गृहस्थ अशा गाडीच्या नादी लागू शकतो याचं श्रेय मी ट्रकाइतकंच या पुस्तिकांना देईन. आमच्याकडे कोट्यवधीच्या मशीनसोबत येणारी पुस्तिका वाचून कोणी शहाणा झाल्याचं मला आठवत नाही.

तळावर तासभर नुसतं बघण्यात गेला. ऑइलची कांडी काढून वास घेतला. डिझेलचा वास आला किंवा पातळी खुणेच्या वर चढलेली दिसली, तर इंधन ऑइलमध्ये उतरतंय आणि सेल्फ मारायचा नाही. एअर क्लीनर उघडून बघितला, कारण वर्षानुवर्षं उभ्या गाडीत गांधीलमाश्यांची पोळी असतात. ब्रेक ऑइलचा डबा तपासला. लष्कर सिलिकॉनचं ब्रेक ऑइल वापरतं, त्यात बाजारातलं साधं ओतून चालत नाही. आणि या मॉडेलमध्ये ब्रेकची लाइन एकच : एक नळी फुटली की सहाही चाकांचे ब्रेक गेले. हे ऐकून मी जरा गप्प झालो. शेजाऱ्याने एकेक नळी टॉर्च लावून, बोट फिरवून तपासली. त्यातली एक बदलायची म्हणून त्याने आधीच सोबत आणली होती.

माझा उपयोग झाला तो चाकांपाशी. डाव्या बाजूच्या एका चाकाचे नट सैल होते आणि सोबत आलेला शेजाऱ्याचा पुतण्या पान्यावर लांब पाइप चढवून, त्यावर उभा राहून ते आवळत होता. म्हणजे आवळतोय असं त्याला वाटत होतं. मी वाकून बोल्टच्या डोक्यावरचं अक्षर दाखवलं : एल. डावीकडच्या चाकांना उलटे आटे असतात, चाक पुढे फिरताना नट सैल न होता घट्ट राहावेत म्हणून. पोरगा इतका वेळ सगळे नट सोडत होता. आटे पाडण्यात हयात गेली, तेव्हा एवढं तरी कळायलाच हवं.

आता इंजिन. या ट्रकचं इंजिन 'मल्टिफ्युएल' म्हणून प्रसिद्ध आहे. डिझेल, विमानाचं इंधन, रॉकेल, अडीनडीला पेट्रोलसुद्धा त्याला चालतं. युद्धात जे हाती लागेल त्यावर गाडी चालली पाहिजे, हा विचार. सहा सिलिंडर, ७.८ लिटर, आणि ताकद सुमारे १४० अश्वशक्ती. आजची एखादी मोटारही याहून जास्त ताकद बाळगते. पहिल्या आवृत्तीत ते इतका काळा धूर सोडायचं की पुढे टर्बो बसवला तो मुख्यतः धूर कमी करायला. त्याच टर्बोची शिट्टी मैलभर ऐकू जाते. यातली ज्वलनाची पद्धत अमेरिकन नाही. कॉन्टिनेन्टल कंपनीने ती जर्मनीच्या मॅन कंपनीकडून परवान्याने घेतली. इंधन हवेत फवारण्याऐवजी पिस्टनच्या डोक्यातल्या गोल वाटीच्या भिंतीवर सोडायचं, तिथे त्याची वाफ होऊन ते शांतपणे जळतं. मॅन हे नाव ऐकून मी सरसावून बसलो. १९५९ पासून बरीच वर्षं जबलपूरला बनलेला आपला शक्तिमान ट्रक याच मॅनच्या परवान्यावर झाला. खडकीच्या रस्त्यावर वर बाण काढलेल्या नंबराच्या शक्तिमानांची रांग ज्यांनी पाहिलीय, त्यांना हे नातं सांगायला हवंच. शेजाऱ्याला मात्र शक्तिमान ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, त्यामुळे माझा आनंद एकट्याचाच राहिला.

फिल्टर बदलले, लाइनमधली हवा काढली, बॅटऱ्या जोडल्या. तिसऱ्या प्रयत्नात इंजिन खोकलं, पांढरा धूर ओकलं आणि मग लागलं ते थेट गुरगुरायलाच. त्याबरोबर केबिनमध्ये कर्कश बझर. मी दचकलो, पण तो बिघाड नव्हता. हवेचा दाब साठ पौंडांवर जाईपर्यंत ब्रेकच्या मदतीला हवा नाही, हे तो ओरडून सांगतो. वायपरही हवेवरच चालतात, फुस्स फुस्स करत. दिव्यांचा खटका तीन दांड्यांचा. मोठे दिवे लावायला एक दांडी उचलून धरून दुसरी फिरवावी लागते, काळोखात चुकून दिवा लागून शत्रूला पत्ता लागू नये म्हणून. घाटात अंधारून आलं तेव्हा हे शहाणपण आम्हाला चांगलंच महागात पडत होतं.

प्रवासाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ताशी सत्तर-पंचाहत्तरच्या वर जावंसं वाटत नाही, पॉवर स्टिअरिंग नाही, आणि धुराचं उभं नळकांडं नेमकं माझ्याच दाराबाहेर. बोलणं खुणांनी. टायर खोल नक्षीचे, बघायला नवेकोरे, पण बाजूच्या भिंतीला वयाच्या बारीक भेगा, म्हणून दर तासाला थांबून हात लावून बघायचं. भरून एकूण वजन २६,००० पौंडांच्या आत राहतं, त्यामुळे अशा खाजगी वापराला व्यावसायिक परवाना लागत नाही. पेट्रोलपंपावर मात्र दर वेळी कोणीतरी म्हातारा जवळ यायचा, बॉनेटवर हात ठेवायचा आणि आपण हा कुठे चालवला ते सांगायचा. त्या गप्पांतच आमचा निम्मा वेळ गेला असेल.

माझा कौल विचाराल तर यंत्र म्हणून एम-३५ला मी पैकीच्या पैकी देईन. सगळं उघडं, सगळं हाताला येणारं. घ्यावा का, याला मात्र नाही म्हणेन, निदान ज्याच्याकडे शेत किंवा मोठं आवार नाही त्याला तरी. चार लिटर डिझेलमागे पंधरा-सोळा किलोमीटर, आणि उभा करायला जागा बंगल्याच्या अंगणाएवढी. गाडीची मालकी सिद्ध करणारं सरकारी प्रमाणपत्र टपालाने यायला आठवडे लागतात. नंबर त्यानंतर, आणि तोही राज्याराज्याच्या नियमाप्रमाणे.

आम्ही पोचलो तेव्हा रात्रीचे दहा वाजले होते. शेजारीपाजारी टर्बोच्या शिट्टीने बाहेर आले. ट्रक आत घेऊन शेजाऱ्याने दांडी ओढून इंजिन बंद केलं आणि तसाच आपल्या मोटारीत बसून दुकानात गेला. येताना त्याने जाड साखळी आणि कुलूप आणलं, साखळी स्टिअरिंगमधून ओवून सीटच्या दांडीला बांधली आणि कुलपाची किल्ली खिशात टाकली.