अनुदानापेक्षा हक्काचे काम

सहकाराविषयी देशात सध्या बरेच बोलले जात आहे. २०२१ मध्ये केंद्राने स्वतंत्र सहकार मंत्रालय स्थापन केले, २०२५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून घोषित केले आणि त्याच वर्षी नवे राष्ट्रीय सहकार धोरणही जाहीर झाले. तथापि, कामगारांच्या सहकारी संस्था, महिलांचे बचत गट, कचरावेचकांच्या संस्था अशा ज्या समूहाला ‘सामाजिक अर्थव्यवस्था’ म्हणता येईल, त्याला शासनाने नेमका कशा प्रकारे आधार द्यावा, हा प्रश्न या चर्चेत मागेच राहतो. त्याचे उत्तर शोधण्यासाठी केरळइतकी उपयुक्त प्रयोगशाळा देशात दुसरी नाही, असे मला वाटते. तेथे यश आणि अपयश दोन्ही शेजारी शेजारी पाहावयास मिळते.

प्रथम यशाची बाजू पाहू. कोळिक्कोड जिल्ह्यातील वडकरा परिसरात १९२५ साली चौदा मजुरांनी ‘ऊरालुंगल’ ही श्रमिक सहकारी संस्था स्थापन केली. भांडवल होते सहा आणे, म्हणजे आजच्या हिशेबाने ३७ पैसे. समाजसुधारक वाग्भटानंद यांच्या अनुयायांना जमीनदारांनी काम नाकारले, त्या बहिष्कारातून ही संस्था जन्मली. आज ती महामार्ग, पूल आणि इमारती बांधते; कोळिक्कोडला तिचे माहिती तंत्रज्ञान संकुल आहे आणि इरिंगल येथील हस्तकला ग्राम तीच चालवते. दरडोई उत्पन्नाच्या प्रमाणात उलाढाल मोजणाऱ्या जागतिक सहकार क्रमवारीत उद्योग व उपयुक्त सेवा या गटात तिने स्पेनच्या ‘मोंद्रागोन’नंतर दुसरे स्थान मिळविले आहे.

हे केवळ श्रमिकांच्या जिद्दीने घडले, असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. श्रमिक सहकारी संस्थांना सरकारी कामांत किंमतविषयक प्राधान्य देण्याचे केरळचे धोरण त्यामागे आहे. अशा संस्थेची बोली खासगी कंत्राटदारापेक्षा ठरावीक मर्यादेपर्यंत अधिक असली, तरी काम तिला मिळू शकते. शासनाने येथे दान दिले नाही. काम दिले, आणि ते पूर्ण करून दाखविण्याची जबाबदारी संस्थेवर सोपविली.

दुसरे उदाहरण ‘कुटुंबश्री’चे. मे १९९८ मध्ये तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते मलप्पुरम येथे सुरू झालेल्या या चळवळीची सदस्यसंख्या आज चाळीस लाखांहून अधिक आहे. शेजारगट, त्यांचा प्रभागस्तरीय संघ आणि स्थानिक स्वराज्य संस्थेच्या पातळीवरील शिखर संघ अशी तिची त्रिस्तरीय रचना आहे. १९९६ च्या लोकयोजना मोहिमेने पंचायतींच्या हाती नियोजनाचा मोठा निधी दिला होता. त्यामुळे या गटांना आपल्याच गावात मागणी मांडण्यासाठी एक खिडकी मिळाली.

कुटुंबश्रीतील महिलांचे गट अंगणवाडीतील सहा महिने ते तीन वर्षे वयाच्या बालकांसाठी ‘अमृतम् न्यूट्रिमिक्स’ हा पूरक आहार तयार करतात. या आहाराची मागणी दरमहा ठरलेली असते, दर्जाचे निकष लिखित असतात आणि खरेदीदार सरकार असते. याला राष्ट्रीय पार्श्वभूमीही आहे. अंगणवाड्यांच्या आहारपुरवठ्यात कंत्राटदार नसावेत, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये दिला होता. अनेक राज्यांत तो कागदावरच राहिला. महाराष्ट्रात तर निविदेच्या अटीच बचत गटांना बाहेर ठेवणाऱ्या असल्याचे आढळल्याने न्यायालयाने २०१९ मध्ये ती प्रक्रिया रद्द ठरविली. केरळने मात्र आदेशाचा आशय ओळखून शेकडो छोटी उत्पादन केंद्रे उभी होऊ दिली.

आता दुसरी बाजू. २०२० पासून कुटुंबश्रीच्या महिलांनी ‘जनकीय’ भोजनालये सुरू केली. वीस रुपयांत जेवण हे त्यांचे आकर्षण होते. प्रत्येक जेवणामागे शासन दहा रुपये अनुदान देत असे. कोविडच्या काळात या भोजनालयांनी असंख्य घरांना आधार दिला आणि त्यांची संख्या हजारापलीकडे गेली. पुढे राज्याची तिजोरी आटली. कर्जमर्यादेवरून केंद्राशी वाद इतका विकोपाला गेला की प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले. ऑगस्ट २०२३ मध्ये अनुदान बंद झाले आणि जेवण तीस रुपयांवर गेले. ग्राहक घटले आणि अनेक केंद्रांना टाळे लागले. त्या महिलांची मेहनत कमी झाली नव्हती, स्वयंपाकाची चवही बिघडली नव्हती. त्यांच्या व्यवसायाचा पाया मात्र एका शासकीय आदेशावर उभा होता आणि दुसऱ्या आदेशाने तो काढून घेतला.

या दोन बाजूंची तुलना करताना मला एक भेद निर्णायक वाटतो. पूरक आहाराच्या गटांना शासन ग्राहक म्हणून भेटते. भोजनालयांना ते दाता म्हणून भेटले. ग्राहकाची गरज टिकून असते, दात्याची इच्छा मात्र अर्थसंकल्पाबरोबर बदलते.

कचरा व्यवस्थापनात हाच भेद वेगळ्या रूपात दिसतो. घरोघरी कचरा गोळा करणाऱ्या ‘हरित कर्म सेने’त केरळभर तीस हजारांहून अधिक महिला काम करतात आणि त्यांचे उत्पन्न मुख्यतः घरांकडून मिळणाऱ्या वापरशुल्कावर अवलंबून असते. मार्च २०२३ मध्ये कोचीजवळील ब्रह्मपुरम कचरा डेपोला लागलेल्या आगीनंतर या कामाचे महत्त्व सर्वांना पटले. पुढे थकलेले शुल्क वसूल करण्याची कायदेशीर तरतूदही झाली. पुण्यातील ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था २००८ पासून महापालिकेशी करार करून असेच काम करते. परंतु कराराची मुदत संपली की तिला अल्प मुदतवाढीवर दिवस काढावे लागले आहेत. शुल्क कायद्याने सुरक्षित आणि करार मात्र अनिश्चित, अशा स्थितीत कोणतीही संस्था यंत्रसामग्रीत गुंतवणूक करणार नाही.

या प्रतिपादनावर दोन आक्षेप घेतले जातील आणि ते गंभीर आहेत. पहिला असा की, प्राधान्याने काम दिले की स्पर्धा मरते आणि सत्ताधाऱ्यांच्या मर्जीतील संस्था फोफावतात. त्रिशूर जिल्ह्यातील करुवन्नूर सहकारी बँकेतील गैरव्यवहाराने ठेवीदारांची जी वाताहत केली, ती पाहता हा आक्षेप झटकून टाकता येत नाही. दुसरा असा की, संस्था मोठी झाली की तिचे श्रमिक मालक आणि बाहेरून घेतलेले मजूर असे दोन वर्ग पडतात. ऊरालुंगललाही परप्रांतीय मजुरांच्या बाबतीत हा प्रश्न टाळता आलेला नाही. दोन्ही आक्षेपांवर उपाय आहे तो प्राधान्याला अटी जोडण्याचा: सर्व कामांचे दर व करार जाहीर करणे, स्वतंत्र लेखापरीक्षण आणि ठरावीक सेवाकाळानंतर बाहेरच्या मजुरालाही सभासदत्वाचा हक्क.

केंद्राकडे यासाठी साधन तयारच आहे. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून वार्षिक खरेदीच्या किमान २५ टक्के खरेदी करण्याचे बंधन केंद्रीय खात्यांवर आणि सार्वजनिक उपक्रमांवर आहे. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के उपहिस्सा आहे. हे धोरण उद्योगाचा आकार पाहते आणि मालक कोण ते पाहते. मालकी श्रमिकांत वाटलेली आहे काय, हे पाहत नाही. अशा संस्थांसाठी एक छोटा उपहिस्सा, किमान तीन ते पाच वर्षांचे करार आणि देयक लांबल्यास आपोआप लागू होणारे व्याज, एवढ्यानेही चित्र पालटेल.

पुढील वाढीचे क्षेत्रही समोर आहे. २०११ च्या जनगणनेतच केरळच्या लोकसंख्येत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण १२.६ टक्के होते, तर देशाचे ८.६ टक्के. वृद्धांच्या घरगुती शुश्रूषेसाठी कुटुंबश्रीने प्रशिक्षित महिलांची सेवा सुरू केली आहे. इतर राज्येही त्याच वाटेने वृद्ध होत आहेत. ही सेवा अनुदानाच्या आधाराने उभी राहिली, तर तिचे भवितव्य जनकीय भोजनालयांसारखे होईल. आरोग्य विभाग आणि स्थानिक स्वराज्य संस्था तिच्या नियमित ग्राहक झाल्या, तर ती ऊरालुंगलप्रमाणे शंभरी गाठू शकेल. हा निर्णय पुढील काही अर्थसंकल्पांतच होणार आहे आणि तो घेणाऱ्यांना केरळचे दोन्ही अनुभव उपलब्ध आहेत.